म्हातारीचं मागचं दार

१८ नोव्हेंबर, रविवार

जुनी वही काल संपली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण कोण, काय करतो ते लिहायचं, ही माझी उडण्याच्या दिवसांपासूनची सवय. तेव्हा वही हॉटेलात विसरली तर कुणीतरी परत पाठवावी म्हणून लिहायचे. आता मी कुठे जातेय? तरी लिहिते.

नेव्याना. वय त्रेपन्न. तेवीस वर्षं विमानात माणसांना कॉफी दिली, आता नऊ वर्षं त्यांना जळत्या विमानातून बाहेर कसं काढायचं ते शिकवते. शाळा म्हणजे याम्बोलच्या रस्त्यावर लष्कराने सोडून दिलेली धावपट्टी आणि तिच्या कडेला आमची म्हातारी. तीन इंजिनांचं रशियन विमान होती ती. पंख कापले, इंजिनं गेली, शेपूट भंगारात गेलं. धड तेवढं उरलं, ते लोखंडी खुंटांवर चढवून ठेवलंय. मी तिच्यातून उडालेय. चौदाव्या रांगेतल्या खुर्चीचं हँडल तेव्हाही निघायचं, आताही निघतं.

रविवार म्हणजे वाढदिवस. आठवडाभर केबिन क्रूची पोरं, आणि शनिवार-रविवार मालक स्विलेन म्हातारीला वाढदिवसांना भाड्याने देतो. आज एकोणीस मुलं, कॅप्टनची एक टोपी आणि त्या टोपीवरून तीन मारामाऱ्या. सुटकेची घसरगुंडी आमच्याकडे आता एकच उरली आहे. दुसरी ऑगस्टात फाटली. स्विलेन तेव्हापासून "पुढच्या महिन्यात" म्हणतोय. आहे ती एरवी मागच्या दाराला असते. आज आईबापांना ओट्यावरून फोटो काढता यावेत म्हणून पुढच्या दाराला लावली, आणि मागच्या दाराला आतून लाल पट्टा, म्हणजे हे दार उघडायचं नाही.

सगळे गेल्यावर स्तामातदादा ती परत मागे न्यायला निघाला. हा आमचा मेकॅनिक, विमान कंपनीत होते तेव्हापासूनचा. अडुसष्ट वर्षं, कंबर कामातून गेलेली, आणि ऐंशी किलोची घसरगुंडी एकट्याने ओढतोय. मी ओरडले, "ठेव ती! बुधवारपर्यंत कुणाला लागतेय? बुधवारी पोरांकडून हलवून घेऊ."

"पोरं उलटी लावतील."

"मग मी बघेन ना."

"तू बघणार म्हणजे झालंच," म्हणाला, आणि जाताना भाजक्या मिरच्यांच्या चटणीच्या दोन बरण्या गाडीत ठेवून गेला. दर आठवड्याला दोन बरण्या. एकटीने किती खायची? बायको गेल्यापासून त्याला कमी शिजवताच येत नसावं.

२१ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी नऊ चाळीस

पोरं कॉफी पिताहेत तोवर चार ओळी. खोटा धूर करणाऱ्या यंत्रात घालायचं धुराचं पाणी संपलंय. दादाला गावात पाठवलं. घसरगुंडीचं मी करून घेते, तू सावकाश ये म्हटलं. आज अंधारातला सराव. खिडक्यांना काळा कागद लावून झाला.

बारा जण आहेत. एलित्साला आज मागचं दार देणार. बावीस वर्षांची, सगळ्यात हुशार, पण आवाज चिमणीचा. काल तिला म्हटलं, "घाबरलेली माणसं विनंती ऐकत नाहीत, हुकूम ऐकतात. पोटातून ओरड." तिने ओरडून दाखवलं आणि स्वतःच दचकली. सगळे हसले, तीही.

स्विलेनचा फोन. हा माणूस पाच मिनिटं शांत बसू देत नाही.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

काल एलित्सा मागच्या दारातून खाली पडली. तीन मीटर. खाली काँक्रीट.

लिहिते, नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील. आतमध्ये धूर, अंधार. मी पुढून हुकूम दिला, "मागचं दार!" एलित्साने दांडा फिरवला, दार ढकललं. मोठ्या आवाजात ओरडली, पहिल्यांदाच मोठ्या आवाजात, "इकडे या! इकडे!" आणि शिकवल्याप्रमाणे हात छातीशी घेऊन पहिली उडी मारली. खाली घसरगुंडी नव्हती.

तिच्यामागे दोन जण होते. एकाने दाराची चौकट धरली म्हणून वाचला.

स्तामातदादा तेवढ्यात गावातून परत आला होता, तो खालीच होता. तिच्याजवळ पहिला तोच पोचला. तिला हलवू दिलं नाही कुणाला, स्वतःचा कोट घातला अंगावर, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत गुडघ्यांवर बसून तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून राहिला.

पोलिसांना तोच म्हणाला, "घसरगुंडी मागे न्यायचं काम माझं. विसरलो."

स्तामातदादा विसरला. वय झालंय. मी स्विलेनला मागेच म्हटलं होतं की त्याला मदतनीस दे.

लाल पट्टा सराव सुरू करताना मी काढते. काढायच्या आधी दार किलकिलं करून खाली बघायचं असतं. बघितलं असणार. मी नेहमी बघते.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

कमरेचा मणका मोडलाय. ऑपरेशन झालं. डावा पाय हलतो. उजवा अजून नाही.

बाहेरच्या बाकावर तिची आई होती, तिन्का. आगगाडीत तिकीट तपासनीस. गणवेशातच आली होती, गळ्यात अजून शिट्टी. मी कोण ते सांगितलं तर तिने माझे दोन्ही हात धरले. "तुमच्याबद्दल रोज बोलायची हो घरी. आमच्या बाई असं म्हणाल्या, आमच्या बाई तसं म्हणाल्या."

२६ नोव्हेंबर, सोमवार

तपास अधिकारी बाई तरुण आहे, पस्तिशीची. तिने टेबलावर एक पावती ठेवली. धुराच्या पाण्याची. गावातल्या दुकानाची, बुधवारी नऊ बावन्नची.

"स्तामात नऊ बावन्नला दुकानात होते. सराव सव्वादहाला सुरू झाला. मग घसरगुंडी त्यांनी कधी हलवायची होती?"

मी म्हणाले, "जायच्या आधी."

"त्यांना गावात कुणी पाठवलं?"

"संपलं की तोच आणतो."

तिने लिहून घेतलं. मी सही केली. सही माझी नेहमीसारखीच आली, याचं नवल वाटतं.

गाडीत बसले तेव्हा सगळं आठवलं. आठवलं असं लिहिणंही खोटंच. पावती बघितली तेव्हाच आठवलं होतं. पावणेदहाला मी पोरांना घसरगुंडी हलवायला बोलावणारच होते, हातमोजेही काढून ठेवले होते, आणि स्विलेनचा फोन आला. नव्या कंपनीची चाळीस पोरं मिळतायत, आत्ताच्या आत्ता तारखा सांग. मी वीस मिनिटं धावपट्टीवर फेऱ्या मारत तारखा जुळवत होते. परत आले तर दादाची गाडी फाटकातून येताना दिसली आणि मी म्हटलं, चला, चला, उशीर झाला. पट्टा काढला. खाली बघितलं नाही.

बघितलं नाही.

२८ नोव्हेंबर, बुधवार

दादाकडे गेले. तो चुलीत लाकडं सारत होता. मी म्हटलं, "तू असं का सांगितलंस?"

"कसं?"

"विसरलो म्हणून."

"विसरलोच. रविवारीच न्यायला हवी होती."

"मी नको म्हटलं तुला."

"तू खूप काही नको म्हणतेस. चटणी पण नको म्हणतेस. मी ऐकतो का?" आणि माझ्यापुढे सूप ठेवलं. "खा. तुझ्यापुढे अकरा वर्षं नोकरी आहे अजून. माझ्यापुढे काय आहे? पेन्शन कोण काढून घेतंय? म्हाताऱ्याला तुरुंगात कुणी टाकत नाही. विषय बंद."

मी सूप प्यायले. विषय बंद केला. लिहिताना लाज वाटते ती याची की सूप चांगलं लागलं.

६ डिसेंबर, गुरुवार

संत निकोलाचा दिवस, घरोघरी मासा भाजतात. स्विलेन दारात उभा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्प मासा. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे मासा घेऊन आला.

"तू जे बोललीस ते बरोबर बोललीस," म्हणाला. मी काय बोलले ते त्याला कसं कळलं कुणास ठाऊक. "हे बघ, म्हाताऱ्याने कबूल केलंय, त्याला काही होत नाही. शिक्षकाचं नाव आलं तर परवाना गेला. अकरा जणांची घरं चालतात आपल्यावर."

"दुसरी घसरगुंडी असती तर?"

"असती तर, असती तर! तुझ्या आत्याला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. मासा थंड व्हायच्या आत भाज."

"मासा थंडच आहे, स्विलेन."

"मग गरम कर," म्हणाला आणि गेला.

मासा शेजारणीला दिला.

१२ डिसेंबर, बुधवार

मी रोज इस्पितळात जाते. तिन्काची गाडी बुर्गासपर्यंत जाते, ती संध्याकाळी सहाला परतते, तोवर मी बसते. डबा नेते, केस विंचरते. परिचारिका मला एलित्साची मावशी समजतात. तिन्का काल त्यांना म्हणाली, "सख्खी बहीण एवढं करत नाही."

आज एलित्सा एकदम म्हणाली, "बाई, मी बघितलं नाही."

"काय?"

"खाली. तुम्ही आम्हाला रोज सांगायचात. दार उघडायच्या आधी बघा, खाली आग आहे का, पाणी आहे का, घसरगुंडी आहे का. मी नुसतं ओरडण्याच्या नादात होते. मोठा आवाज काढायचा, मोठा आवाज काढायचा, एवढंच डोक्यात. बघायचं राहूनच गेलं."

"खिडकीला काळा कागद होता, पोरी. काय दिसणार होतं?"

"कागदाचा कोपरा उचलता आला असता. परीक्षेत विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं ना? आणि मागे दोघं होते. मी त्यांना बोलावलं. 'इकडे या' म्हटलं. ते पण पडले असते." मग म्हणाली, "मला या नोकरीत घ्यायलाच नको होतं."

मी काय म्हटलं? "असं बोलू नये" म्हटलं. संत्रं सोललं. त्यातल्या बिया काढून दिल्या, लहान मुलाला देतात तशा.

१५ डिसेंबर, शनिवार

मी स्वतःला सांगते की एलित्सा बरी होऊन चालायला लागली की सांगेन. मग सांगते की केस निकाली निघाली की सांगेन. मग वाटतं, आता सांगून तिचा पाय का येणार आहे? हे तिन्ही विचार मी आज बटाटे सोलताना केले, आणि प्रत्येक खरा वाटला.

१८ डिसेंबर, मंगळवार

स्तामातदादा इस्पितळात आला होता. तिन्काने त्याला दारातच अडवलं. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "तुमचं डोकं चालत नव्हतं तर घरी बसायचं होतं! माझी पोरगी बावीस वर्षांची आहे! तुम्ही अडुसष्टचे, तुम्ही पडायला हवं होतं!" तो टोपी हातात घेऊन उभा. "होय," म्हणाला. "होय बाई, खरं आहे." दर वाक्याला होय.

मी आत होते. दाराच्या फटीतून दिसत होतं. त्याने मला बघितलं आणि मान हलवली, अगदी थोडी. नको, अशी.

मी बाहेर गेले नाही. त्याने आणलेली बरणी व्हरांड्यातल्या खिडकीत राहिली. तिन्काने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली, तेही बघितलं.

२४ डिसेंबर, सोमवार

तिन्काने ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचं जेवण एलित्साच्या खाटेवरच मांडलं, दुपारी चारलाच, कारण परिचारिका पाचला सगळं आवरायला लावतात. घेवड्याचं सूप, भाताने भरलेल्या मिरच्या, सुकी फळं, अक्रोड. पदार्थांची संख्या विषम पाहिजे म्हणून शेवटी मीठही एक धरलं. नऊ झाले.

आत नाणं घालून भाजलेली भाकरी तिन्काने मोडली. पहिला तुकडा देवाच्या आईला, दुसरा घराला, तिसरा एलित्साला, चौथा मला, मग स्वतःला. नाणं माझ्या तुकड्यात निघालं.

"बघा!" तिन्का टाळी वाजवत म्हणाली. "मिळायला हवं त्यालाच मिळालं!" आणि एलित्सा, महिन्याभरात पहिल्यांदा, हसली. "बाई, आता तुमचं वर्ष छान जाणार."

नाणं हातात चिकटल्यासारखं झालं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आरशात बघितलं नाही.

एलित्सा झोपल्यावर तिन्का हळूच म्हणाली, "ती परत अभ्यास करणार नाही म्हणते. नुसतं क्रूचा नाही, कुठलाच. म्हणते, माझ्यावर कुणी माणसं सोपवू नयेत. बालवाडीत शिकवायचंही मनात होतं तिच्या, तेही नको म्हणते. पायाचं मला एवढं नाही वाटत, नेव्यानाताई. पाय जाऊ दे. पण हे?"

२९ डिसेंबर, शनिवार

सांगितलं.

पाठ करून गेले होते, पण पाठ केलेलं काही आलं नाही. तिन्का खुर्चीवर मोजा विणत होती. मी उभी राहून म्हणाले, "स्तामातदादा विसरला नाही. त्याला मी गावात पाठवलं. घसरगुंडी मी हलवून घेणार होते, विसरले. पट्टा मी काढला. खाली बघायचं काम माझं होतं, मी बघितलं नाही. एलित्साची काही चूक नाही. खिडकीला कागद लावला की शिकाऊ माणसाच्या वतीने शिक्षकाने बघायचं असतं. नियमच आहे तसा."

तिन्काच्या सुया थांबल्या.

"पोलिसांना खोटं सांगितलं. रोज इथे येत होते आणि सांगत नव्हते."

तिन्का उठली. मला वाटलं मारेल. तिने माझा डबा उचलला, झाकण लावलं, माझ्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. व्हरांड्यात दादाला जे बोलली होती त्यातलं एक अक्षर मला बोलली नाही. तसं बोलली असती तर बरं झालं असतं.

मी उंबऱ्यापर्यंत गेले तेव्हा एलित्सा म्हणाली, "अडतीस दिवस."

मी वळले.

"आज अडतिसावा दिवस. मी रोज तीच उडी मारतेय. रोज ठरवतेय की या वेळी कागद उचलायचा." तिचा आवाज अजिबात चिमणीचा नव्हता. "पायाचं मी बघून घेईन. त्या अडतीस दिवसांचं काय ते तुम्ही बघा."

३ जानेवारी, गुरुवार

नवीन जबाब दिला. तपास अधिकारी बाईने पावती परत बाहेर काढली, माझ्यापुढे ठेवली, आणि म्हणाली, "मी वाट बघत होते." एवढंच. मग तीन तास लिहून घेतलं.

४ जानेवारी, शुक्रवार

दादा माझ्या अंगणात लाकडं फोडत होता. मी न सांगता फोडतो दर हिवाळ्यात. मी गाडीतून उतरले तर कुऱ्हाड खाली ठेवून म्हणाला, "माझ्याकडे पोलीस आले होते."

"येणारच. मी सगळं सांगितलं."

"का?"

"का म्हणजे? ती पोरगी स्वतःला दोष देत होती, दादा!"

"मग तिला सांगायचं होतं, 'म्हाताऱ्याचीच चूक, तुझी नाही' म्हणून. शंभर वेळा सांगायचं होतं. मी येऊन सांगितलं असतं. पोलिसांकडे कशाला गेलीस?"

"कारण ते खोटं होतं."

"खोटं!" त्याला एवढं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मिशा थरथरत होत्या. "सोळा वर्षं ओळखतो तुला. सोळा वर्षांत तुला एक गोष्ट दिली मी, तेवढी एकच. तीही परत केलीस."

मला राग आला. मी म्हटलं, "मी मागितली नव्हती."

"नाही," म्हणाला. "तू कधीच काही मागितलं नाहीस." कोट घातला आणि निघून गेला. फोडलेली लाकडं तशीच पसरलेली होती. मीच रचली.

त्याला एवढं काय लागलं ते कळत नाही. पोलिसांनी त्याला खोटा जबाब दिल्याबद्दल थोडा दंड केला तर मी भरेन, हे सांगायचं राहून गेलं. बहुतेक तेच असावं.

९ फेब्रुवारी, शनिवार

शाळा बंद. परवाना गेला. स्विलेनने फोन करून जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "अकरा घरं, नेव्याना." मी म्हटलं, "दुसरी घसरगुंडी." त्याने फोन ठेवला. दोघंही खरं बोललो.

आता धान्य कोठाराच्या कचेरीत अर्धा दिवस काम मिळालंय. ट्रक येतात, वजन लिहून घ्यायचं.

१ मार्च, शुक्रवार

वसंत येतोय म्हणून लोकांनी मनगटाला लाल-पांढरे दोरे बांधलेत. ट्रकवाल्यांपैकी एकाने मलाही बांधला. दादाच्या गावाकडच्या वळणावरून गेले, आत वळले नाही.

इस्पितळातून एलित्साला घरी सोडलं, असं परिचारिकेकडून कळलं. कुबड्यांवर.

१४ मे, मंगळवार

निकाल. एक वर्षाची शिक्षा, पण तुरुंगात जायचं नाही, पुन्हा काही केलं तरच. पाच वर्षं शिकवायला बंदी. स्विलेनच्या कंपनीने एलित्साला भरपाई द्यायची.

न्यायाधीशांनी विचारलं काही सांगायचंय का. इस्पितळात बोलले होते तेवढंच बोलले. दादा साक्षीदार म्हणून आला होता, नवा शर्ट, घडीच्या खुणा तशाच. त्याला विचारलं, "तुम्ही आधी वेगळं का सांगितलं?" तो म्हणाला, "साहेब, म्हातारा आहे, गोंधळलो." सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

एलित्सा पहिल्या बाकावर होती. उठताना तिन्काने हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला आणि स्वतः उठली. बराच वेळ लागला. सगळं न्यायालय थांबलं.

२१ मे, मंगळवार

ट्रकचं वजन घेत होते तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मी एलित्सा. गुरुवारी आईची पाळी आहे. मला स्लिव्हेनला व्यायामाला जायचंय, साडेनऊची वेळ आहे. बस चढता येत नाही मला. तुमची गाडी चालते का अजून?"

"चालते."

"साडेआठला या. आईला मी सांगितलंय. ती काही बोलणार नाही."

ट्रकवाला विचारत होता, "बाई, किती भरलं?" मला आकडा वाचताच येईना.

२३ मे, गुरुवार

सव्वाआठलाच पोचले, कोपऱ्यावर थांबून साडेआठ वाजवले. तिन्का फाटकात होती, गणवेशात. गाडीकडे बघितलं नाही, पण कुबड्या डिकीत तिनेच ठेवल्या. एलित्सा मागे बसली. पुढची जागा मी रिकामी करून ठेवली होती.

आरशात ती बाहेर बघताना दिसायची. उजवा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून आत घेतला होता, पिशवी उचलावी तसा.

मुख्य रस्त्याला लागलो तर पुढे गाड्यांची रांग. पोलीस, पिवळे दिवे, आणि सगळ्यांपुढे लांबच लांब ट्रेलरवर आमची म्हातारी. मला माहीत होतं की ती विकली गेली; आजच नेणार हे माहीत नव्हतं. ताशी पंधरा किलोमीटरने चालली होती. रस्त्याकडेची माणसं उभी राहून फोटो काढत होती. पुढे जायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "दुसऱ्या रस्त्याने घेऊ?"

"उशीर होईल." मग बऱ्याच वेळाने, "कुठे नेताहेत?"

"अग्निशमन दलाकडे. आत खरी आग लावून सराव करणार आहेत."

"लोकांना बाहेर काढायचा?"

"हो."

मागचं दार आमच्याच बाजूला होतं. दोरखंडाने बांधलेलं. पाऊण तास ते आमच्यापुढे चालत राहिलं आणि एलित्सा त्याच्याकडे बघत राहिली. तिने मान वळवली नाही, म्हणून मीही वळवली नाही. स्लिव्हेनच्या फाट्यावर ट्रेलर सरळ गेला, आम्ही उजवीकडे वळलो.

व्यायामाला वीस मिनिटं उशीर झाला. मी बाहेर थांबले. आतून तिचं मोजणं ऐकू येत होतं, सात, आठ, मग एक शिवी, मग परत एक, दोन.

घरी सोडलं. मी उतरून कुबड्या काढून दिल्या. तिने त्या काखेत नीट बसवल्या, फाटकापर्यंत गेली, कडी काढली, आणि पाठमोरीच म्हणाली,

"पुढच्या गुरुवारी आठला या. रस्त्याचा भरवसा नाही."